चौथ्या पट्टीची दोन भोकं

अण्णा,

तुमची दारावरची पाटी सध्या आमच्या गॅरेजमध्ये आहे. सिडनीत क्वेकर्स हिलमधलं घर, दोन गाड्यांचं गॅरेज. त्यातली एक गाडी गेले काही महिने बाहेर उन्हात उभी असते, कारण तिच्या जागेवर तुमच्या नातीने सुतारकामाचं टेबल मांडलं आहे. पाटीवरच्या तिन्ही पितळी पट्ट्या मी स्वतः काढल्या. पहिली तुमची काढली. स्क्रू घट्ट बसला होता, मनगटाचा जोर लावावा लागला, आणि तो सैल होऊन फिरायला लागला तेव्हा मला जे वाटलं त्याला समाधान म्हणतात. मी माफी मागायला लिहीत नाहीये. काय काय केलं ते तुम्हाला कळावं म्हणून लिहिते आहे. ज्याच्यावर सूड उगवायचा त्याला पत्ताच नसेल तर तो सूड कसला.

ती पाटी आली तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मी अकरावीत होते. तुमच्या कॉलेजने केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेतली जुनी टेबलं डेड स्टॉकमध्ये काढली होती आणि त्यातली एक सागवानी फळी तुम्ही मागून आणली होती. तिच्या मागच्या बाजूला अ‍ॅसिडचा काळा डाग होता, तो तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवत होतात. सुतार गॅलरीत बसून दिवसभर फळी तासत होता आणि भुसा आईच्या वाळवणावर उडत होता. पट्ट्या तुम्ही आधीच कोरून आणल्या होत्या. पहिली तुमची, एम.एस्सी. दुसरी आईची, बी.ए., लग्नानंतर बाहेरून परीक्षा देऊन मिळवलेली. तिसरी दादाची, बी.ई., तो अजून दुसऱ्या वर्षाला होता तरी. आणि चौथ्या पट्टीसाठी तुम्ही सुताराकडून नुसती दोन भोकं पाडून घेतलीत.

सुतार म्हणाला, "साहेब, पट्टी आली की मारू की भोकं. आत्ता कशाला?"

"आत्ताच पाड. नंतर पॉलिश उडतं," तुम्ही म्हणालात, आणि माझ्याकडे बोट केलंत. "ही बारावी होऊ दे. मग हिची बी.ई."

मी त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. तुम्ही असं चारचौघांत माझ्याकडे बोट दाखवून काही चांगलं बोललात, असं त्याआधी कधी झालं नव्हतं, आणि त्यानंतरही झालं नाही. मी खुळ्यासारखी त्या भोकांत बोट घालून बघत होते.

मग बारावीचा निकाल. आई स्वयंपाकघरात शेंगदाण्याचं कूट करत होती. तुम्ही गुणपत्रिका हातात घेतलीत, चष्मा वर केलात, खाली केलात, आणि म्हणालात, "म्हणजे सरकारी इंजिनिअरिंगला मिळत नाही." बरोबर होतं. थोडक्यात हुकलं होतं. पण दादाचं तर माझ्याहून जास्त हुकलं होतं, अण्णा. त्याच्यासाठी तुम्ही रजा काढून परगावच्या खाजगी कॉलेजात जाऊन बसलात, ओळखी काढल्यात, आईच्या पाटल्या बँकेत गेल्या. मी तेवढंच विचारलं होतं, की मलाही तसं करता येईल का. मी मागत नव्हते, विचारत होते. तुम्ही गुणपत्रिकेची नीट घडी घातलीत. "ते एकदा झालं. घरातून दोनदा होत नाही. आणि तुला काही घर चालवायचं नाहीये." खलबत्त्याचा आवाज थांबला. मला वाटलं, आई काहीतरी बोलेल. आवाज पुन्हा सुरू झाला.

मुलींच्या पॉलिटेक्निकला माझं नाव घालायला आई आली, तुम्ही नाही. सिव्हिलचा डिप्लोमा. संध्याकाळी मी विचारलं, माझी पट्टी कधी करायची. खरंच विचारलं, टोमणा म्हणून नाही. तुम्ही पेपरातून डोकंही वर काढलं नाहीत. "डिप्लोमा दारावर लावत नाहीत."

पहिलं वर्ष मी कसं काढलं ते घरात कोणाला माहीत नाही, कारण कोणी विचारलं नाही. बारावीला माझ्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मुली इंजिनिअरिंग कॉलेजच्या बसमध्ये चढायच्या आणि मी त्याच थांब्यावर दुसऱ्या बसची वाट बघायचे. त्या विचारायच्या, "अगं, तू कुठे?" आणि मी म्हणायचे, "इथेच." काय उत्तर हे. इथेच. घरी आल्यावर दाराचं कुलूप काढताना माझ्या डोळ्यांसमोर नेमकी ती दोन भोकं यायची. माझी उंची तेवढीच होती. तुमच्या, आईच्या आणि दादाच्या पट्ट्या आई दर दिवाळीला चिंच लावून घासायची. मी घासायला बसले की ती मला उठवायची. तिला माझी दया येत होती, हे तेव्हाही कळत होतं. मला दया नको होती, पट्टी हवी होती.

आणि मग तुमचं ते उत्तर. येणाऱ्या प्रत्येकाचं लक्ष दारावर जायचंच. आपल्याकडे लोक बेल वाजवतात आणि दार उघडेपर्यंत पाटी वाचतात. "चौथी पट्टी पडली का हो?" असं कोणी विचारलं की तुम्ही न अडखळता सांगायचात, "गंज धरला होता. करायला टाकली आहे." माझी पट्टी करायला टाकली होती! किती वर्षं, अण्णा? मी पॉलिटेक्निक पास झाले, नोकरीला लागले, लग्न करून गेले, तरी ती करायलाच टाकलेली होती. पुण्यात असा कुठला कारागीर आहे, असं एकदाही कोणी विचारलं नाही. एकदा मात्र तुमचे फिजिक्सचे सहकारी आले होते, जाडे, हसरे, सुपारी कातरत बोलणारे. ते म्हणाले, "गंज? पितळेला?" मी आत चहा गाळत होते. गाळणं हातात धरून उभी राहिले. मला वाटलं, सापडलात. तुम्ही हसलात आणि पितळेतल्या तांब्यावर हवेचा परिणाम कसा होतो, हिरवट थर कसा चढतो, त्याला सामान्य माणूस गंजच म्हणतो, असं सगळं वर्गात सांगावं तसं सांगितलंत. त्यांनी मान डोलावली. आयुष्यभर मुलांना केमिस्ट्री शिकवली तुम्ही, आणि माझ्याबद्दलचं खोटं टिकवायला ती वापरलीत. त्या दिवशी तुमच्या चहात मी साखर घातली नाही. तुम्ही तो तसाच प्यायलात. तो माझा पहिला सूड.

दुसरा फसला. दुसऱ्या वर्षी आम्हाला अक्षरलेखन होतं, ड्रॉइंगवर सरळ, सारखी अक्षरं काढायचं. माझा हात चांगला होता. मी जाड कागदाची पट्टी कापली, बाकीच्या तीन पट्ट्यांच्या मापाची, त्यावर काळ्या शाईने माझं नाव आणि पुढे डी.सी.ई. असं लिहिलं आणि कॉलेजला जाताना दोन टाचण्या त्या दोन भोकांत खुपसून ती लावून गेले. दिवसभर सर्व्हेच्या तासाला उन्हात दुर्बिणीतून मापाच्या काठीवरचे आकडे वाचताना मला दुसरं काही सुचत नव्हतं. संध्याकाळी जिना चढले तर पट्टी नाही. स्वयंपाकघरात कचऱ्याच्या बादलीत चहाच्या चोथ्याखाली तिचं टोक दिसत होतं. शाई पसरली होती. जेवताना तुम्ही आमटी वाढायला सांगितलीत, आणि मग सगळ्यांना उद्देशून म्हणालात, "दाराला कागद चिकटवायचे नाहीत. मागे पाली येतात." दादा खाली मान घालून हसला. तो वाईट नाही, त्याला फक्त हसू आवरत नाही. मी ताटावरून उठले नाही. सगळं जेवले, भातही परत घेतला. रडून उठले असते तर तुम्ही त्यालाही एखादं कारण दिलं असतंत.

तुम्ही मला काही दिलंच नाही असं नाही. दादाचा कोर्स संपला तेव्हा त्याचा ड्रॉइंगच्या रेघा मारायचा जुना मिनी ड्राफ्टर मला दिलात. त्याचा एक स्क्रू सैल होता आणि पट्टी जराशी सरकायची. "तुला पुरेल," असं म्हणालात. मला पुरला. त्या सरकणाऱ्या पट्टीवर मी पहिला वर्ग मिळवला, त्याच्याच जोरावर नोकरी मिळवली, आणि नवऱ्याबरोबर इथे आल्यावर इथल्या कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, ऑफिसात दोन गोऱ्या बॉयजच्या मधल्या टेबलावर बसून पावसाच्या पाण्याच्या गटारांची ड्रॉइंग्ज काढायला लागले. आजही काढते, फक्त आता मी काढलेली दुसरे तपासत नाहीत, दुसऱ्यांनी काढलेली मी तपासते. ब्लॅकटाउनच्या बाजूला मोठा पाऊस झाला आणि कोणाच्या घरात पाणी शिरलं नाही तर त्यात माझा हात असतो. तुम्ही मात्र रविवारच्या फोनवर सांगायचात, "काल अमके भेटले. त्यांना म्हटलं, मुलगी ऑस्ट्रेलियात इंजिनिअर आहे." मी म्हणायचे, "अण्णा, मी इंजिनिअर नाही. ड्राफ्टिंग करते. डिप्लोमा आहे माझा." तुम्ही म्हणायचात, "लोकांना काय कळतंय." म्हणजे विमानात बसल्यावर मी सांगण्याजोगी झाले, तेही खोटं सांगण्याजोगी.

तुम्ही गेलात तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. नात तेव्हा पोटात होती. जिना चढून वर आले, बेल वाजवली आणि दादा दार उघडेपर्यंत पाटी वाचली. तुमच्या पट्टीवर कोणीतरी झेंडूचं फूल खोचलं होतं. भोकं तशीच.

आता तुमच्या नातीचं सांगते, कारण हे सगळं तिच्यामुळे वर आलं. तिला आर्किटेक्चर करायचं होतं. लहानपणापासून खोक्यांची घरं करायची. डिसेंबरमध्ये निकाल आला आणि युनिव्हर्सिटीत जागा मिळाली नाही, एकाही ठिकाणी नाही. तिच्या सगळ्या मैत्रिणींना मिळाली. इथे संध्याकाळपर्यंत फोनवर सगळ्यांचे फोटो येतात, युनीचं नाव लिहिलेले, फुगे लावलेले. ती फोन उलटा ठेवून खोलीत बसली होती. मला कोणाला समजावता येत नाही, ते मी तुमच्याकडूनच घेतलं. मी दारातून म्हटलं, "दोन दिवस रड. तिसऱ्या दिवशी आपण काय ते बघू. पण दार लावून घ्यायचं नाही." ती म्हणाली, "मम, प्लीज, गो." मी गेले नाही. दारात स्टूल घेऊन भेंड्या चिरत बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आतून म्हणाली, "यू आर सो वीअर्ड," आणि बाहेर येऊन चिरलेल्या भेंड्या कच्च्याच खायला लागली. तिसऱ्या दिवशी तिनेच सांगितलं की तिला टेफला जायचंय. टेफ म्हणजे इथलं हाताचं काम शिकवणारं सरकारी कॉलेज, आपल्या पॉलिटेक्निकसारखं. कपाटं, टेबलं, लाकडी सामान करायचा कोर्स. मी विचारलं, "हे हवंय म्हणून, का ते मिळालं नाही म्हणून?" "मिळालं नाही म्हणून," ती म्हणाली. "हवंय का ते आय डोंट नो येट." हे उत्तर मला पटलं. पहिल्या वर्षी मला कोणी विचारलं असतं तर मीही हेच दिलं असतं.

संक्रांतीला पेंडल हिलला एका डॉक्टर बाईंकडे सगळे जमलो होतो. बाहेर चाळीस डिग्री, आणि आम्ही सगळ्या काळ्या साड्यांत घामाने निथळतोय. तिळगूळ हातात विरघळत होता. त्यांचा मुलगा मेडिसिनला लागला होता, त्यामुळे त्या दिवशी प्रत्येकाला तेच विचारायचं होतं.

"काय मग, ऑफर आली का? कुठलं युनी?"

आमच्या ह्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. "ती गॅप इयर घेतेय. जरा एक्सप्लोअर करायचंय तिला."

अण्णा, माझ्या कानात तुमचा आवाज आला. करायला टाकली आहे. तोच सूर, तोच सहजपणा, पुढच्या माणसाला विचारायला फट न ठेवण्याची तीच हातोटी. मुलगी तिथेच उभी होती, हातात प्लास्टिकचा पेला घेऊन, आणि मला दिसलं की ती खाली बघतेय.

"गॅप बिप काही नाही," मी म्हटलं. "फेब्रुवारीपासून टेफला जाणार आहे. सुतारकाम शिकणार आहे."

घरामागच्या लाकडी डेकवरच्या सगळ्यांनी माना वळवल्या म्हणजे आवाज बराच मोठा असणार. डॉक्टर बाई म्हणाल्या, "अगं, सुतारकाम काय म्हणतेस! फर्निचर डिझाइन म्हण."

"डिझाइन असतं तर डिझाइन म्हटलं असतं."

कोणीतरी बाजू सावरायला म्हणालं, "पण इथे सुतार-प्लंबर अशा ट्रेडी लोकांचं भारी असतं हं. बोटी बघ कोणाकडे असतात, त्यांच्याकडेच."

"आम्हाला बोट नकोय," मी म्हटलं. डॉक्टर बाईंनी माझ्या तळहातावर आणखी एक लाडू ठेवला. "घे बाई, आणि निदान आज तरी गोड बोल."

मी तो खाल्ला. चांगला झाला होता.

गाडीत हे म्हणाले, "मी काय चुकीचं बोललो? लोकांना काय करायचंय?" मी म्हटलं, "हेच. अण्णा अगदी हेच म्हणायचे." हे म्हणाले, "तुझे अण्णा जाऊन इतकी वर्षं झाली तरी आपल्या प्रत्येक भांडणात येतात." मागून मुलगी म्हणाली, "मम, ते मी सांगणार होते. इट वॉज माइन." आणि जरा वेळाने, "आणि तू ओरडत कोणावर होतीस? आंटी तर तुझ्या समोरच उभी होती." घरी आल्यावर तिला पाटीची सगळी गोष्ट सांगितली, त्या सुतारापासून चोथ्यातल्या कागदापर्यंत. तिने शेवटी एकच विचारलं. "बट व्हाय डिड ही लीव्ह द होल्स? भोकं बुजवली का नाहीत?"

हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. मेणात भुसा कालवून भरलं असतंत, वरून पॉलिश मारलं असतंत, तर कोणी विचारलंही नसतं आणि खोटं बोलायची वेळ आली नसती. का नाही बुजवलीत? मी पुष्कळ विचार केला. तुम्ही माझी वाट बघत होतात असं कोणी म्हणेल. दादा तर म्हणतोच. मी म्हणत नाही. तुम्हाला पॉलिश उडायला नको होतं.

जूनमध्ये मी पुण्याला गेले. आपली सोसायटी पुनर्विकासाला गेली, अण्णा. आईही आता नाही, तेव्हा सह्या करायला मला जावं लागलं. घर रिकामं होतं, भिंतींवर कॅलेंडरांचे चौकोन तेवढे उरले होते. दादाने दारावरची पाटी उतरवली, पंच्याने पुसली आणि माझ्या हातात दिली. "तू घेऊन जा. माझ्या नव्या फ्लॅटला बिल्डरने सगळ्यांना एकसारख्या काचेच्या पाट्या दिल्यात." त्याला वाटलं, तो मला काहीतरी देतोय. मी घेतली, कारण ती कोणाच्या तरी हातात सुखरूप राहावी हे मला नको होतं. बघायचं होतं की माझ्या हातात आल्यावर मी तिचं काय करते.

सिडनीला विमानतळावर लाकडी वस्तू आधीच सांगावी लागते, नाहीतर दंड. मी रांगेत उभी राहून सांगितली. तपासणीच्या टेबलावर एक तरुण बाई होती, निळे हातमोजे घातलेली. तिने पाटी उलटी केली, अ‍ॅसिडच्या डागावर अंगठा फिरवला, सुलटी केली, विजेरी लावली आणि त्या दोन भोकांपाशी थांबली.

"हे काय आहे? कीड असू शकते. लाकूड पोखरणारे किडे अशीच गोल भोकं पाडतात."

"किडे नाहीत. स्क्रूची भोकं आहेत."

"मग इथली पट्टी कुठे गेली?"

तुमचं उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. "बसवलीच नाही," मी म्हटलं.

तिने पट्ट्यांकडे बोट केलं. "काय लिहिलंय?" मी वाचून दाखवलं. माझे वडील, रसायनशास्त्र. माझी आई. माझा भाऊ, इंजिनिअर. ती सहज, हसून म्हणाली, "आणि यातली तू कुठली?" तिच्या मागे भिंतीवर घड्याळ होतं, माझ्या मागे एक म्हातारे गृहस्थ लोणच्याची बरणी छातीशी धरून उभे होते. मी त्या भोकांवर बोट ठेवलं.

तिचं हसू गेलं. मग तिने कामाचं सांगितलं. भोकांबद्दल शंका असेल तर ती पाटी ठेवून घेऊ शकते, ते लोक ती धुरी देऊन परत करतील, किंवा मला नको असेल तर इथेच सोडून द्यायची, ती जाळून टाकतात. तिने खरंच विचारलं, "हवीये का तुला?" सरकार तुमची पाटी जाळायला तयार होतं, अण्णा, माझ्या हाताला काजळीही न लागता. पण जाळणं मला पुरेसं वाटलं नाही. जळलं की संपतं. मी म्हटलं, धुरी द्या.

पंधरवड्याने ती घरी आली. मुलीने ती हातात घेऊन कडेवर नख ओढलं, वास घेतला. "मम, हे सागवान आहे? लाइक, प्रॉपर?" पहिल्या वर्षाला त्यांना एक छोटी वस्तू करायची होती, उंचावरचं काढायला चढून उभं राहण्याचं बुटकं स्टूल. तिने विचारलं, तिला ही फळी वापरता येईल का. मग माझ्याकडे बघून घाईने म्हणाली, "ऑर, मी तुझी पट्टी करून देऊ शकते. पितळेची. टेफमध्ये एकजण आहे, तो कोरून देतो. यू कॅन फायनली बी ऑन इट." चांगली पोर आहे. मी म्हटलं, "नको. त्या पाटीवर माझं नाव आता यायचं नाही. स्टूल कर."

आपल्याकडे पुस्तकाला, पाटीला पाय लागू देत नाहीत. चुकून लागला तर हात लावून कपाळाला लावायचा, हे तुम्हीच मला शिकवलंत, हातावर फूटपट्टी मारून. लहानपणी एकदा दादाच्या गणिताच्या पुस्तकावरून उडी मारली होती मी. म्हणून मला स्टूल हवं होतं. तुमची एम.एस्सी. जिथे होती तिथे माझी टाच पडावी, रोज, डाळीचा डबा काढताना, काहीही विचार न करता.

तिने फळी कापली नाही, फक्त तासली. पाय इथल्या लाकडाचे केले. तुमच्या तिघांच्या पट्ट्या मी बिस्किटांच्या डब्यात टाकल्या, सुट्या स्क्रूंबरोबर. फळी तासून झाल्यावर तिने विचारलं, "भोकं भरू? फिलर लावला की दिसणार नाहीत."

"वरची सहा भर," मी म्हटलं. "खालची दोन राहू दे."

तिने फिलर लावला, घासलं, तेल पाजलं. आज सकाळी दादाचा व्हिडिओ कॉल आला. पहिलाच प्रश्न, "काय गं, पाटी लावलीस का दाराला? दाखव की." मी फोन भिंतीकडे वळवला आणि म्हटलं, "करायला टाकली आहे." तो "बरं बरं" म्हणाला आणि पावसाविषयी बोलायला लागला. इतकं सोपं असतं ते, मला माहीत नव्हतं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. तुमचा पत्ता त्या बिल्डिंगसकट पाडला, तिथे आता खड्डा आहे. तेव्हा हे इथेच राहील, आणि राहणारच आहे तर एवढं लिहून ठेवते. स्टूल गॅरेजमधून स्वयंपाकघरात जाण्याआधी मी त्यावर एकदा चढून पाहिलं. चपला काढून. उजवा पाय ठेवला, अंगठा बरोबर एका भोकावर आला, आणि मला कळायच्या आत हात खाली गेला, फळीला लागला आणि वर यायला निघाला. हनुवटीपाशी मी तो पकडला. तिथेच धरून ठेवला, बराच वेळ, आणि मग डाव्या पायाने वर चढले.